गॅरेजचा कट्टा: टर्बो बसेल हो, पण स्टिअरिंगचा रॉड कुठून जाणार?

प्रश्न: काका, नमस्कार. माझ्याकडे २०११ ची निसान ३७०झेड आहे, सहा गिअरची मॅन्युअल. मुंबईच्या एका गृहस्थांकडून सेकंड हँड घेतली. चुलतभाऊ अमेरिकेतून कायमचा परत आला, तेव्हा घरसामानाबरोबर त्याने स्वतःच्या ३७०झेडवरून उतरवलेलं ट्विन टर्बो किट (एक्झॉस्टच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारे दोन पंखे) आणलं. दोन टर्बो, मॅनिफोल्ड (इंजिनातून टर्बोकडे धूर नेणारा), डाऊनपाइप (टर्बोतून धूर पुढे सायलेन्सरकडे नेणारा), इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, सगळं आहे. त्याची गाडी अर्थातच डाव्या स्टिअरिंगची होती. अंबडच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाहिलं. तो म्हणतो, उजव्या बाजूचा डाऊनपाइप स्टिअरिंगच्या रॉडला लागतोय, पण काळजी नको, रॉड मधे कापून एक जॉइंट टाकतो आणि वळवून देतो. ते नको असेल तर डावा टर्बो उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून बघू. मॅपिंग, म्हणजे इंधन कधी किती द्यायचं हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगणारी आखणी, भावाच्या लॅपटॉपवर तयारच आहे. पॉवर किती वाढेल? आणि करावं का?
(एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर: आधी त्या गॅरेजवाल्याला फोन करा आणि रॉडला हात लावू नको म्हणून सांगा. बाकीचं मग निवांत वाचा.

स्टिअरिंग कॉलमपासून खाली रॅकपर्यंत (पुढची चाकं वळवणाऱ्या दात्यांच्या पट्टीपर्यंत) जो शाफ्ट जातो, तो नुसता लोखंडी दांडा नाही. समोरून टक्कर झाली तर तो आत सरकावा, चाक चालवणाऱ्याच्या छातीत घुसू नये, अशी त्याची रचना असते. त्याच्या दोन टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात, ज्याला आपल्याकडे सगळे क्रॉस म्हणतात. या दोन क्रॉसचे काटे एकमेकांशी ठरावीक मेळात बसवलेले असतात. तो मेळ चुकला की स्टिअरिंग एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलकं होतं. सरळ रस्त्यावर हे जाणवणारही नाही. त्र्यंबक रोडच्या एखाद्या वळणावर मात्र हात जेवढा फिरवला तेवढी गाडी वळली नाही असं होईल, आणि ते दर वळणाला वेगळं होईल. मधे तिसरा क्रॉस टाकायचा तर शाफ्टला चासीवर आधाराचं बेअरिंग द्यावंच लागतं, नाहीतर मधला तुकडा दोरीवरच्या उडीसारखा झुलतो. शिवाय एका क्रॉसने साधारण ३०-३५ अंशांपेक्षा जास्त वाकायचं नसतं. तुमच्या गॅरेजवाल्याने बेअरिंगचं नाव काढलं का? पत्रात तरी नाही. वेल्डिंग कितीही सुबक असो, कारखान्यातून आलेल्या स्टिअरिंग शाफ्टवर वेल्डिंगची कांडी लागली की त्या गाडीत मी बसणार नाही.

आता तो पाइप लागतो का, ते बघू. अमेरिकेत बनलेलं किट आखताना समोर डाव्या स्टिअरिंगची गाडी असते. तिथे स्टिअरिंग शाफ्ट, ब्रेकचा बूस्टर आणि मास्टर सिलिंडर, क्लचचा मास्टर, सगळी गर्दी डावीकडे असते. उजवी बाजू त्यामानाने मोकळी. म्हणून डावीकडचा पाइप ते अंग चोरून काढतात आणि उजवीकडचा ऐसपैस. आपल्या गाडीत गर्दी नेमकी उजवीकडे, आणि त्यांचा ऐसपैस पाइप थेट तिच्यात शिरतो. किट वाईट नाही, ते दुसऱ्या गाडीचं आहे एवढंच.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती बॉनेट उघडून टॉर्च मारल्यावर दिसत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि जोरात ॲक्सिलरेटर दिला की ते क्रँकच्या उलट दिशेला कलतं. ३७०झेडसारख्या गाडीच्या लांबीत बसवलेल्या इंजिनात, ड्रायव्हरच्या जागेवरून बघितलं तर, डावी बाजू वर उचलली जाते आणि उजवी खाली दबते. म्हणजे अमेरिकन गाडीत जोर लावला की इंजिन त्या गर्दीतून वर सुटतं. आपल्याकडे जोर लावला की गरम पाइप घेऊन ते शाफ्टच्या दिशेने खाली येतं. उभ्या गाडीत बोटभर फट दिसली म्हणून खूश होऊ नका. पॉवर वाढवल्यावर हे कलणं वाढतं, आणि चौदा-पंधरा वर्षांचं माउंटिंग रबर असेल तर विचारूच नका.

फट मोजायची एक साधी रीत आहे. मॅनिफोल्ड आणि डाऊनपाइप नुसते बोल्टवर टेकवून बसवायचे. शाफ्टवर चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर शाडू मातीचा जाड थर द्यायचा. गणपतीच्या दिवसांत आपल्याकडे शाडू कुठेही मिळते, एरवी मुलांची क्ले चालते. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, कारण क्रॉसचे काटे फिरताना बाहेर येतात. जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून इंजिन डावीकडून जरा उचलायचं, म्हणजे उजवीकडे ते जितकं दबेल तितकं दबतं. पाइप काढून मातीवरचा ठसा बघा. सगळ्यात पातळ जागी सुरीने कापून पट्टीवर मोजा. २५ मिलिमीटरपेक्षा कमी माती उरली असेल तर तो पाइप तिथून जाणार नाही. तो नव्याने बांधायचा, शाफ्ट नाही. आपल्या अंबड-सातपूरला स्टेनलेसचं टिग वेल्डिंग करणारे उत्तम कारागीर आहेत, औषध कंपन्यांची पाइपलाइन बांधणारे. त्यांना पाइप द्या. स्टिअरिंगला हात लावू देऊ नका.

टर्बो अदलाबदल करण्याची कल्पना ऐकायला हुशारीची वाटते, पण व्ही-सिक्स इंजिन आरशातल्या प्रतिमेसारखं नसतं. दोन बँकांचे, म्हणजे तीन-तीन सिलिंडरच्या दोन ओळींचे, कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर किंवा शेजारी शेजारी बसतात, म्हणून एक बँक दुसरीच्या थोडी पुढे असते. स्टार्टर, एसीचा कॉम्प्रेसर, ऑइल फिल्टर यांच्या जागाही दोन बाजूंना सारख्या नसतात. टर्बोचं मधलं अंग फिरवता येतं, मॅनिफोल्डची फ्लँज नाही. आणि मधलं अंग फिरवलं तरी तेलाची परतीची नळी उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आत राहिली पाहिजे.

ही तेलाची नळी म्हणजे माझा जुना आवडता विषय. टर्बोच्या बेअरिंगला वरून दाबाने तेल जातं, पण खाली ते केवळ आपल्या वजनाने सम्पकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीकडे, यायला हवं, तेही फेसाळलेलं. नळी अरुंद झाली, आडवी गेली, मधे दबली किंवा सम्पमधल्या तेलाच्या पातळीखाली जोडली, की तेल तुंबतं आणि सीलमधून एक्झॉस्टमध्ये उतरतं. मागून निळा धूर. मग मेस्त्री म्हणतात, टर्बो ऑइल फेकतोय, नवा टाका. नवा टाकला की तोही फेकतो. पिंपळगाव, ओझरकडच्या कितीतरी पिकअप या एका कारणासाठी टर्बोवर टर्बो बदलत फिरतात आणि दोष नळीचा असतो. तुमच्या गाडीत उजवीकडे जागा करण्याच्या नादात पहिली वाकवली जाणारी गोष्ट हीच असेल, लिहून ठेवा.

आता उष्णतेचं बघू, कारण यात माणसाचा जीव गुंतलाय. जोरात चालणाऱ्या पेट्रोल इंजिनात टर्बोजवळचा धूर ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला असतो. पाइप लालभडक होतो. त्याच्या शेजारी, आपल्या गाडीत, ब्रेकचा मास्टर सिलिंडर आहे. ब्रेक ऑइलच्या मानकाप्रमाणे डॉट-३ चा उकळबिंदू ताजं असताना किमान २०५ अंश आणि डॉट-४ चा २३० अंश असतो. पण हे तेल हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी शोषल्यावर तेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. आपल्या पावसाळ्यात बदल न केलेलं तेल असेल तर समजून घ्या. कसारा घाट उतरताना चाकाकडून आधीच गरम झालेलं तेल आणि वरून डाऊनपाइपची धग. लाइनमध्ये वाफ धरली की पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. म्हणून टर्बोच्या गरम भागाला ब्लँकेट, पाइपला रॅप, आणि मधे स्टेनलेसच्या पत्र्याची आडकाठी, तीही दोन्ही बाजूंनी हवा खेळेल अशी किमान १० मिलिमीटर फट ठेवून. पाइपला चिकटवलेला पत्रा काही अडवत नाही, तोच तापतो. शाफ्टच्या क्रॉसमधलं ग्रीस आणि रबरी गेटर यांनाही हाच न्याय.

पॉवर किती, हे विचारलंत. ३७०झेडचं व्हीक्यू ३७ इंजिन ३६९६ सीसीचं, ३३० च्या आसपास अश्वशक्तीचं, आणि त्याचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) ११ ला १ आहे. टर्बोसाठी जन्मलेल्या इंजिनांपेक्षा हे जास्त आहे. तेव्हा आतले पिस्टन-रॉड तेच ठेवून बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, ०.४ बारच्या वर जाऊ नये असं माझं मत. तेवढ्यावर चारशे ते साडेचारशेच्या मधे कुठेतरी मिळेल. आणि ०.४ बार म्हणजे काही नाही असं समजू नका. एप्रिलमध्ये नाशिकची ४० अंशांची हवा टर्बोतून दाबली जाऊन बाहेर पडते तेव्हा ती ८५ अंशांच्या घरात असते. इंटरकूलरने ती गार केली नाही तर नॉक, म्हणजे सिलिंडरमधलं इंधन आपणहून भडकणं, ठरलेलाच. आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहोत, हवा थोडी विरळ, म्हणून तोच दाब गाठायला टर्बोला मुंबईपेक्षा जास्त फेरे मारावे लागतात.

भावाचं मॅपिंग तर अजिबात टाकू नका. तिथलं साधारण पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं. आपल्याकडे पंपावर आता २० टक्क्यांचं. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे तितक्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. तिथला मॅप इथे टाकला की मिश्रण चार-पाच टक्के पातळ होतं. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेईल. पूर्ण ॲक्सिलरेटरवर गाडी त्या सेन्सरचं ऐकत नाही, मॅपमध्ये लिहिलेलं ऐकते. नॉक कमी करायला इथेनॉल मदत करतं हे खरं, पण इंजेक्टर आणि पंप तेवढं इंधन देऊ शकले तरच. मला विचाराल तर मॅप इथल्याच पेट्रोलवर, वाइडबँड मीटर (हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा) लावून, डायनोवर (गाडी जागेवरच पळवून पॉवर मोजणाऱ्या रोलरवर) करून घ्या. समृद्धीवर रात्री जाऊन लॅपटॉप मांडीवर घेऊन नाही. तिथे १२० ची मर्यादा आहे आणि बाकीच्यांनाही घरी जायचं असतं.

इथे आपल्या गावाबद्दल थोडं बोलतो. मायको, म्हणजे आताचं बॉश, सातपूरला असल्यामुळे डिझेलचा नॉझल, पंप, टर्बो यांची जाण असलेली माणसं नाशकात पिढ्यानपिढ्या आहेत. मीही त्याच आळीतला. पण डिझेलवाल्याचा हात पेट्रोलवर फसतो. डिझेल इंजिनात जास्त हवा दिली तर ते गार चालतं, जास्त डिझेल दिलं तर तापतं. पेट्रोलमध्ये उलटं. बूस्टखाली हवा जास्त आणि इंधन कमी झालं की पिस्टनचा माथा वितळतो, तोही आवाज न करता. गॅरेजवाल्याला विचारा, त्याने आजवर बसवलेले टर्बो कुठल्या इंधनाचे होते.

आणि तुमचं इंजिन मुळात धडधाकट आहे का? या इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांत टायमिंग कव्हरमागच्या ऑइल गॅलरीचं गॅस्केट कागदी होतं. ते फाटलं की तेलाचा दाब हळूहळू पडतो. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या पोटात आहे, तो जातो तेव्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आणि जोरात चालवल्यावर तेल फार तापलं की गाडी आपणहून पॉवर कमी करते. टर्बो हा त्याच तेलावर जगणार. तेव्हा पहिला खर्च तेलाच्या दाबाचा खरा गेज लावून मोजण्याचा, दुसरा ऑइल कूलरचा. दाब कमी निघाला तर किट माळ्यावर जाऊ द्या.

कायद्याचं एका परिच्छेदात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२-अ मध्ये परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सीएनजीचं मंजूर किट आरसीवर चढतं. तुमचं किट घेऊन पेठ रोडच्या आरटीओत गेलात तर चहा मिळेल, नोंद मिळणार नाही. दंड भराल एकवेळ, पण अपघात झाला आणि विमा कंपनीने बॉनेट उघडलं, तर समोरच्याची भरपाई तुमच्या सातबाऱ्यावर येईल. म्हणून ही गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर माझं उत्तर नाही असं आहे.

फक्त ट्रॅकसाठी ठेवणार असाल, फ्लॅटबेडवर घालून कोईमतूर किंवा चेन्नईला न्यायची तयारी असेल, तर वेगळं. उलट दिशेला, आपल्या आग्रा हायवेने इंदूरकडे गेलात तर पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक लागतो, पण ती चाचणीची जागा आहे, रविवारची सहल नाही. अशा वेळी हे किट विका आणि उजव्या स्टिअरिंगसाठीच आखलेलं घ्या. जपान आणि ऑस्ट्रेलियात गाड्या आपल्यासारख्याच आहेत, तिथे शोधा. विक्रेत्याला फोटो मागा: बसवलेल्या किटचा, वरून नाही तर खालून, शाफ्ट आणि पाइप एका चौकटीत दिसेल असा. तो देईना तर पैसे देऊ नका.

त्याहून सोपं म्हणजे बेल्टवर चालणारा सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर. तो इंजिनाच्या पुढे बसतो, एक्झॉस्टला हात लागत नाही, उजवीकडची सगळी भानगड टळते. बूस्ट फेऱ्यांबरोबर चढत जातो, टर्बोसारखा मधेच ढकलत नाही. टर्बोवाले नाक मुरडतील, मुरडू द्या. मागे सायलेन्सरच्या जागी टर्बो बसवणारीही किट असतात. शाफ्टचा प्रश्न तिथेही सुटतो, पण तेल परत आणायला वेगळा पंप लागतो आणि टर्बो जमिनीपासून वीतभर वर राहतो. आपले स्पीड ब्रेकर आणि जुलैतला द्वारका चौक बघता मी तो विचार सोडून देईन.

भावाला वाईट वाटेल. त्याला म्हणावं, इंटरकूलर आणि इंजेक्टर कामाला येतील, बाकीचं डाव्या स्टिअरिंगवाल्याला परत पाठव.

प्रश्न: माझी डिझेल पिकअप आहे. द्राक्षं भरून वाशीला नेतो. मार्केटला पोचल्यावर दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायला वडील सांगतात. डिझेल फुकट जात नाही का?
(एक शेतकरी, पिंपळगाव बसवंत)

उत्तर: वडील बरोबर सांगतात, पण घाट चढून लगेच थांबलात तर. लाल झालेल्या टर्बोचं तेल अचानक थांबलं तर ते जागच्या जागी जळून कोळसा होतं आणि बेअरिंगची वाट अडवतं. वाशीच्या गर्दीत गाडी शेवटचा अर्धा तास रांगतच येते, तेव्हा टर्बो आधीच गार झालेला असतो. तिथे मिनिटभर पुरे. परतताना घाट चढून कसाऱ्याच्या माथ्यावर, इगतपुरीला, चहाला थांबता तेव्हा मात्र दोन मिनिटं द्या. आणि तेल वेळेवर बदला, त्याहून मोठी काळजी नाही.

प्रश्न: माझ्या छोट्या हॅचबॅकला टर्बो नाही. सायलेन्सरमध्ये बसवायची टर्बोच्या आवाजाची शिट्टी मिळते. इंजिनाला काही होईल का?
(कॉलेज रोडचा एक विद्यार्थी)

उत्तर: इंजिनाला फारसं नाही. एक्झॉस्टची वाट थोडी अडते एवढंच. पण ती बोल्ट सैल होऊन खडखडते, कधी सायलेन्सरच्या आत पडते, आणि मग काढायला सायलेन्सर कापावा लागतो. शिट्टीचे पैसे आणि कापण्याचे पैसे मिळून एअर फिल्टर, प्लग आणि एक चांगलं तेल बदलून होईल. गाडी तेवढ्यानेच जास्त पळेल.